आधी तपास, मग दोष

मी जुन्नरला एका कचेरीत हिशेबाचे टेबल सांभाळतो. बी.कॉम. झालो तेव्हा घरात मोठा आनंद झाला होता. वस्तीतला पहिला पदवीधर नसलो तरी आमच्या घरातला पहिलाच होतो. कचेरी सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची कामे करतो. कुणाचा जातीचा दाखला, कुणाचे निराधार पेन्शन, कुणाचा दवाखाना. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत सारखे फिरावे लागते. आज ओतूर, उद्या घोडेगाव, परवा डिंभे. म्हणून २०१३ साली पतपेढीचे कर्ज काढून एक जुनी मारुती ८०० घेतली. गाडी २००४ सालची.

ही गाडी म्हणजे आमच्या घरचे एक माणूसच आहे. २०१९ साली तिला पंधरा वर्षे झाली तेव्हा नोंदणी पुन्हा करून घेतली, २०२४ साली पुन्हा एकदा केली. वस्तीतली तीन बाळंतपणे तिने दवाखान्यात पोचवली आहेत. अशा या गाडीने २०२५ च्या पावसाळ्यात मला एक धडा शिकवला. धडा इंजिनाचा आहे, पण फक्त इंजिनाचा नाही. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाच्याने आमच्या अंगणात गाडीची सर्व्हिसिंग केली. हा माझ्या थोरल्या बहिणीचा, घोडेगावच्या आक्काचा मुलगा. दहावीनंतर त्याने आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स धरला होता. मधेच दाजी वारले आणि कोर्स सुटला. आता मंचरला एका गॅरेजमध्ये हेल्पर आहे. त्याने ऑइल बदलले, एअर फिल्टर झाडला, प्लग साफ केले. जाताना एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी त्या वेळी फोनवर कुणाला तरी उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रे सांगत होतो. चिठ्ठी घेतली आणि गाडीच्या कप्प्यात टाकली.

पुढे पंधरा दिवसांनी गाडीने खोड काढली. सकाळी घरून निघताना अगदी शहाण्यासारखी चाले. नारायणगावला पोचून स्टँडजवळ उभी केली, पाय रेसवरून काढला, की इंजिन आपोआप ‘व्हूंऽऽ’ करून चढे, मग एकदम खाली बसे, पुन्हा चढे, पुन्हा बसे. कुणी तरी अदृश्य माणूस रेस दाबतो आहे आणि सोडतो आहे असे वाटे. खाली बसताना सगळी गाडी थरथरे. कधी कधी बंदच पडे.

माझ्या मनात पहिला विचार काय यावा? ‘पोराने काही तरी बिघडवले.’ गाडीला त्याचा हात लागला होता आणि त्यानंतर बिघाड झाला होता. मला एवढा पुरावा पुरला. त्याच आठवड्यात घोडेगावला नात्यात बारसे होते. जेवणाच्या पंगतीत कुणी तरी गाडीची चौकशी केली. मी चार माणसांत बोलून गेलो, “अर्धवट शिकलेल्याच्या हाती गाडी दिली, ही माझीच चूक.” भाचा वाढायला उभा होता. त्याने हातातली बादली खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. आक्का माझ्याकडे पाहत राहिली. बोलली काहीच नाही.

मग मी गाडी हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजला नेली. तिथे काचेची केबिन, संगणक, गणवेशातली माणसे. संध्याकाळी गाडी ठेवली. सकाळी त्यांनी चालू करून पाहिली तर ती गार होती आणि गुणी बाळासारखी चालली. तरीही प्लग नवे घातले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. चार दिवसांनी पुन्हा तीच तऱ्हा. दुसऱ्या खेपेला पेट्रोलचा पंप बदलला. दोन्ही खेपांचे मिळून नऊ हजार चारशे रुपये झाले. तिसऱ्या खेपेला स्कॅनर लावला. त्यात दोषाचा कोड आला नाही. तेव्हा सांगण्यात आले, “साहेब, सेन्सर सगळे ठीक दाखवतात, म्हणजे कॉम्प्युटरच गेला. चौदा हजार धरा.” मी मान डोलावली. काचेच्या केबिनमधल्या माणसाला उलट प्रश्न विचारायचे मला सुचले नाही. हेल्पर पोराला मात्र पंगतीत बोल लावायला जीभ अडखळली नव्हती.

गल्लीतले सल्लेही कमी नव्हते. बहुतेकांचा रोख इथेनॉलवर होता. त्या वर्षी देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत होते. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग त्यामुळे लवकर बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केले होते. म्हणजे संशय अगदीच खुळा नव्हता. पण संशय हा संशय असतो, तो पुरावा नसतो.

चौदा हजारांची जुळवाजुळव चालू असतानाच एका रात्री शेजारच्या सुनेचा रक्तदाब वाढला. आठवा महिना होता. डॉक्टरांनी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायला सांगितले. खरे तर १०८ ला फोन करायला हवा होता. पण गाडी दारात उभी, आणि माझ्या अंगात समाजसेवक संचारलेला. निघालो. नारायणगाव ओलांडले, कळंबजवळ पुढे ट्रक अडकला म्हणून थांबावे लागले. पाय रेसवरून निघाला. इंजिन दोनदा चढले, दोनदा बसले आणि बंद पडले. पाऊस कोसळत होता. चावी फिरवून फिरवून बॅटरी दमली. मागे तिची सासू हुंदके देत होती आणि ती पोरगी मात्र मलाच म्हणत होती, “काका, घाबरू नका.” शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याने दोघींना पुढे बसवून मंचरला पोचवले. रक्तदाब आटोक्यात आला. पुढे दिवस भरल्यावर तिला मुलगी झाली, दोघीही सुखरूप आहेत. पण त्या रात्री कळंबच्या रस्त्यावर एकटा भिजत उभा असताना मला माझीच शरम वाटली.

पहाटे गाडी कशीबशी चालू झाली. रेस सोडायची नाही अशा बेताने रुग्णालयाच्या आवारापर्यंत आणली. आक्काने घोडेगावहून फोन करून मुलाला उठवले होते. तो आला. पावसात भिजलेला, हातात एक पकड, एक स्क्रूड्रायव्हर आणि फडके. बारशाचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

बॉनेटला हात लावण्याआधी त्याने मला प्रश्न विचारले.

“मामा, गार असताना करते की तापल्यावर?”

“तापल्यावर. सकाळी काहीच नाही.”

“एकसारखी थरथरते, की चढते-उतरते?”

“चढते आणि उतरते.”

“चालताना ओढते का नीट?”

“चालताना काही नाही. थांबलं की सुरू.”

“मग प्लग आणि पंप कशाला बदलले?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, त्या तीन प्रश्नांत निम्मे निदान झाले होते, हे मला मागाहून कळले. त्याने नंतर निवांतपणे समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो.

मारुती ८०० ला तीन सिलिंडर. मोठ्या गाडीपेक्षा ती मुळातच थोडी जास्त थरथरते, ते दुखणे नव्हे. पण तिनातले एक सिलिंडर काम करेनासे झाले तर एक तृतीयांश ताकद जाते आणि गाडी एकाच लयीत अखंड हादरते, चढावर ओढत नाही. गॅरेजवाले याला ‘मिसिंग’ म्हणतात. तेव्हा प्लग, प्लगची वायर, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांत दोष शोधायचा. पेट्रोलच कमी पडत असेल तर गाडी भर वेगात किंवा चढावर धाप टाकते. आमची गाडी यातले काहीच करत नव्हती. ती चालताना नीट आणि थांबल्यावर चढ-उतार करणारी होती. ही खूण बहुतेक वेळा हवेची असते.

इंजिनाला पेट्रोल लागते हे आपण जाणतो, कारण त्याचे पैसे मोजतो. हवा फुकट, म्हणून तिचा हिशेब ठेवत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे साधारण नऊ हजार लिटर हवा! २००० सालच्या सुमारास मारुतीत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धत आली. तेव्हापासून हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल किती सोडायचे हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. पाय रेसवर नसताना मुख्य झडप मिटलेली असते आणि एका छोट्या वाटेने मोजकीच हवा आत जाते. ती वाट कमी-जास्त उघडून कॉम्प्युटर इंजिनाची गती धरून ठेवतो.

आता समजा, एखाद्या फुटक्या पाइपातून चोरवाटेने जादा हवा आत आली. आतला दाब वाढला की कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोलही जादा सोडतो. इंजिन चढते. तो आपली वाट बंद करतो, पण चोरवाट बंद करणे त्याच्या हाती नाही. गती एका मर्यादेपुढे गेली की त्याला वाटते, ‘पाय रेसवर नाही आणि इंजिन जोरात फिरते आहे, म्हणजे गाडी घाट उतरत असणार.’ घाट उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी ते बंद करायचे, असे त्याला शिकवलेले असते. तो पेट्रोल तोडतो. इंजिन धाडकन खाली बसते. बंद पडेल म्हणून तो पुन्हा पेट्रोल सोडतो, पुन्हा ते चढते. हेच ते ‘व्हूंऽऽ, व्हूंऽऽ’. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. त्याला मिळालेल्या खबरीप्रमाणे तो बरोबरच वागत होता. म्हणून तर स्कॅनरमध्ये कोड आला नाही.

आणि सकाळी का नाही? गार इंजिनाला मुळातच जास्त हवा लागते. त्या वेळी चोरवाटेची हवा त्या गरजेत खपून जाते. इंजिन तापले, गरज कमी झाली, की तीच हवा जास्त होते. रात्रभर गार झालेली गाडी सकाळी तपासली तर दोष सापडणार कसा?

भाच्याने इंजिन चालू केले. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढला आणि हवेच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला. “मामा, आता ही गुदमरून बंद पडायला पाहिजे.” इंजिन मंदावले, पण बंद पडले नाही. धापा टाकत चालूच राहिले. तो म्हणाला, “तोंड दाबलंय तरी श्वास चाललाय. म्हणजे दुसरीकडून घेतेय.”

तो तळहात पाहून मला माझे चुलते आठवले. ते मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी चालवीत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ती काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. चुलते चौथी शिकलेले. गाडी रेस धरेनाशी झाली की कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरायचे आणि कान देऊन ऐकायचे. हात धरल्यावर इंजिन सुधारले तर म्हणायचे, ‘हवा जास्त होतेय किंवा पेट्रोलच्या वाटेत कचरा आहे.’ आम्ही मुले हसायचो. त्यांच्या हातात केवढी विद्या होती हे तेव्हा कळले नाही. चुलत्यांचे ज्ञान आम्ही कधी ज्ञान मानलेच नाही, कारण त्याला प्रमाणपत्र नव्हते. आणि आता माझ्यासमोर तोच तळहात होता.

मग त्याने पकडीला फडके गुंडाळले आणि इंजिनाकडे जाणारा एकेक रबरी पाइप क्षणभर चिमटू लागला. पहिला चिमटला, फरक नाही. दुसरा, फरक नाही. तिसरा टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जाणारा, इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा. तो मॅनिफोल्डजवळ चिमटताच इंजिन शांत झाले. सोडला, चढ-उतार सुरू. पुन्हा चिमटला, पुन्हा शांत. फडके भिजवून त्या पाइपाच्या वळणावर खालच्या बाजूने लावले, तर इंजिनाने ते आत ओढून धरले आणि आवाज बदलला. पाइप काढून उलटा केला. वरून धडधाकट, खालून बोटभर चिरलेला. रबर उन्हात वाळलेल्या चामड्यासारखे कडक झाले होते. त्याने तात्पुरते सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. गाडी घड्याळासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी नवा पाइप आणला, नव्वद रुपये.

मी विचारले, “सर्व्हिसिंगच्या वेळी हा पाइप तुझ्याकडून हलला होता का रे?” अजूनही माझ्या मनातला वकील गप्प बसला नव्हता.

तो म्हणाला, “मामा, मी तर चिठ्ठीत लिहून दिलं होतं.”

मी कप्पा उघडला. पीयूसीचा कागद, टोलच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली घडी घातलेली ती चिठ्ठी. पोराच्या वाकड्या अक्षरांत लिहिले होते: ‘टॅपेट कव्हरचा हवेचा पाइप कडक झालाय. लवकर बदलणे.’ खाली तारीखही घातली होती.

वाचकहो, मी वीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले कागद वाचून पोट भरतो. व्हाउचरवर तारीख नसली तर परत पाठवतो. लोकांना सांगत फिरतो की साहेबाकडे जाताना कागद नीट वाचा, अर्जाची पोच घ्या. आणि माझ्याच भाच्याने तारीख घालून दिलेला कागद मी वाचला नव्हता. का वाचला नाही, याचे खरे उत्तर असे की लिहिणारा कोण आहे ते पाहून त्यात वाचण्यासारखे काही नसेल असे मी आधीच ठरवून टाकले होते. ही वागणूक आपल्या आईवडिलांनी दुसऱ्यांकडून किती सोसली आहे! मीही तसाच वागलो, आणि तेही घरातल्या पोराशी.

हिशेबात तेरीज जुळली नाही तर मी काय करतो? सगळी पुस्तके फाडून नवी लिहीत नाही. फरक किती ते पाहतो. फरकाला नऊने भाग जातो का? जात असेल तर आकडे उलटे पडले असतील, ५४ चे ४५. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडते का? सापडली तर जमेची नोंद नावे बाजूला गेली असेल. एकेक शक्यता तपासतो, स्वस्त आणि सोपी आधी. तोवर फरक उचंत खात्यात ठेवतो, कुणा सहकाऱ्याच्या नावावर टाकत नाही. गाडीच्या बाबतीत मी नेमके उलटे केले. तपासाआधी सामान बदलले आणि पुराव्याआधी माणसाला दोष दिला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता जुनी ८००, ओम्नी किंवा एखादा टेम्पो आहे. त्यावर कुणाचे पोट आहे, कुणाचा दवाखाना. म्हणून भाच्याला विचारून चार गोष्टी लिहून ठेवतो. गाडी थांबल्यावर थरथरू लागली किंवा रेस वर-खाली करू लागली तर आधी नोंद करा: गार की तापल्यावर, थांबल्यावर की चालताना, एकसारखी की चढ-उतार. ही नोंद मिस्त्रीला वाचून दाखवा आणि ज्या अवस्थेत दोष दिसतो त्याच अवस्थेत गाडी दाखवा. आधी रबरी पाइप, त्यांचे क्लॅम्प, एअर फिल्टर, हवेच्या झडपेवरची काजळी हे बघायला सांगा. यांना पैसे थोडे लागतात. पंप आणि कॉम्प्युटर शेवटी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत स्लोच्या जेटमधला कचरा आणि कार्बोरेटरखालचे गॅस्केट बघायला सांगा. एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही. बिल लेखी घ्या, काढलेले सामान परत मागा.

घरी पाहायचे असेल तर गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराने जीव जातो. पदर, ओढणी, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा. चालू इंजिनाची प्लगची वायर हाताने ओढू नका, झटका भयंकर असतो. तापल्या इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधणारे आहेत, त्यातून आग लागते. ओले फडके पुरते. आणि पेशंट असेल तर माझ्यासारखा शहाणपणा न करता १०८ लावा.

राहिली एक गोष्ट. महिनाभराने घोडेगावला पुन्हा सगळे नातेवाईक जमले. बारशाच्या पंगतीत जे होते त्यातले बहुतेक होते. मी जेवणाआधी उभा राहिलो. ती चिठ्ठी खिशात होती, ती सर्वांना वाचून दाखवली आणि सांगितले, “चूक याची नव्हती, माझी होती. मी त्याला चार माणसांत बोललो, म्हणून चार माणसांतच माफी मागतो.” नातेवाईकांत क्षणभर शांतता पसरली. आक्काने डोळ्यांना पदर लावला. भाचा मान खाली घालून हातातल्या बादलीकडे बघत होता.

जेवणे झाल्यावर तो गाडीजवळ आला. बॉनेट उघडून नव्या पाइपावर बोट फिरवले आणि म्हणाला, “मामा, पाइप नवा आहे, पण क्लॅम्प जुनाच राहिलाय. तो पण आणा.”

मी खिशातून पेन काढले आणि लगेच लिहून घेतले. या वर्षी आयटीआयचे प्रवेश सुरू होतील तेव्हा त्याचा फॉर्म भरायचा, हेही त्याच कागदावर खाली लिहिले. फी मी भरणार आहे. कॉम्प्युटरसाठी जुळवलेले चौदा हजार अजून तसेच बाजूला आहेत.